नाव, वडिलांचं नाव, आडनाव: रशियन आणि शेजारच्या लोकांची नावं वाचायची रीत

कागदावर एक नाव आहे: स्मिर्नोवा ओल्गा निकोलायेव्ना. यातलं आडनाव कोणतं, बाईंच्या वडिलांचं नाव काय, त्या घरातले पुरुष आडनाव कसं लिहितात आणि बाईंना हाक काय मारायची, हे सगळं या तीन शब्दांतून काढता येतं. कझानला किंवा बिश्केकला वैद्यकीय शिकायला जाणारी मुलं, मोरजी-हरमलला रशियन पाहुणे उतरवून घेणारे गोव्यातले हॉटेलवाले, रशियन कथा वाचताना पात्रांच्या नावांत हरवणारे वाचक, या सगळ्यांना लागणारी रीत एकच आहे. मराठी माणसाला ती लवकर जमते, कारण तीन भागांचं नाव आपल्याकडेही आहे. फसगतही तिथेच होते. मांडणी सारखी दिसते, पण मधल्या नावाचा वापर अगदी वेगळा आहे.

पहिलं काम: तीन भाग वेगळे करा

सरकारी कागदावर क्रम असतो आडनाव, नाव, वडिलांवरून आलेलं नाव. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर 'कुलकर्णी विजय माधव' छापलेलं असतं, तसाच. रशियनमध्ये आडनावाला फमिलिया, नावाला इम्या आणि वडिलांवरून आलेल्या नावाला ओत्चेस्त्वो म्हणतात (बोलताना ऐकू येतं 'ओचिस्तवा'). तिन्हींची आद्याक्षरं जोडून 'फिओ' हा शब्द झाला आहे. अर्जावर 'फिओ' असा रकाना दिसला की तिथे पूर्ण नाव याच क्रमाने भरायचं.

बोलताना मात्र क्रम उलटतो आणि आडनाव गळून पडतं. उरतं ते ओल्गा निकोलायेव्ना.

क्रमाची खात्री नसेल तेव्हा शेपूट बघा. पुरुषाच्या ओत्चेस्त्वोच्या शेवटी 'ओविच', 'येविच' किंवा नुसतं 'इच' असतं. बाईच्या ओत्चेस्त्वोच्या शेवटी 'ओव्ना', 'येव्ना' किंवा 'इच्ना'. हा शब्द सापडला की त्याच्या अलीकडचं नाव आणि उरलेलं आडनाव.

आपल्याशी एक मोठा फरक लक्षात ठेवायला हवा. मराठी बाईच्या मधल्या नावाच्या जागी लग्नानंतर बरेचदा नवऱ्याचं नाव येतं. रशियात ओत्चेस्त्वो जन्मापासून अखेरपर्यंत वडिलांचंच राहतं, लग्नाने बदलतं ते फक्त आडनाव. म्हणून निकोलायेव्ना या शब्दावरून ओल्गाबाईंच्या नवऱ्याबद्दल काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच, की वडील निकोलाय.

ओत्चेस्त्वो कसं बनतं आणि त्यातून वडिलांचं नाव कसं काढायचं

वडिलांचं नाव व्यंजनात संपत असेल तर मुलाला 'ओविच' आणि मुलीला 'ओव्ना' लागतं. इवानचा मुलगा इवानोविच, मुलगी इवानोव्ना. बोरीसचा बोरीसोविच, अलेक्सांद्रचा अलेक्सांद्रोविच.

नाव 'य'मध्ये किंवा मृदू व्यंजनात (रशियनमध्ये मागे हलकासा 'य' लागल्यासारखं उच्चारलं जाणारं व्यंजन) संपत असेल तर 'येविच', 'येव्ना'. सेर्गेयचा सेर्गेयेविच, निकोलायचा निकोलायेविच, ईगरचा ईगरेविच. शेवटी 'ई' ऐकू येणाऱ्या यूरी, वासीली, अनातोली या नावांत तो 'ई' आक्रसतो आणि यूर्येविच, वासील्येविच, अनातोल्येविच होतं. द्मीत्री आणि गेओर्गी यांत मात्र तो टिकतो: द्मीत्रियेविच, गेओर्गियेविच.

'आ'कारान्त पुरुषनावांना नुसतं 'इच' लागतं. इल्याचा मुलगा इल्यीच, निकिताचा निकितिच, कुज्माचा कुज्मिच. त्यांच्या मुली अनुक्रमे इल्यिनिच्ना, निकितिच्ना, कुज्मिनिच्ना. इथला 'च्ना' बोलताना 'श्ना' होतो, आणि तोच शुद्ध उच्चार मानला जातो. संगीतकार प्योत्र इल्यीच चायकोव्स्की आणि व्लादिमीर इल्यीच लेनिन या दोघांच्याही वडिलांचं नाव इल्या होतं, हे आता न सांगता कळेल.

चार अपवाद पाठच करावेत, कारण ही नावं फार भेटतात: प्योत्रचा पेत्रोविच, पावेलचा पाव्लोविच, लेवचा ल्वोविच, याकोवचा याकोव्लेविच.

ऐकताना वेगळीच अडचण येते. रोजच्या बोलण्यात ओत्चेस्त्वो पूर्ण उच्चारलं जात नाही. इवानोविचचा 'इवानिच' होतो, मिखाइलोविचचा 'मिखालिच', सेर्गेयेविचचा 'सेर्गेइच'. अलेक्सांद्र अलेक्सांद्रोविच हे घाईत 'सान सानिच' असं ऐकू येतं आणि मारीया इवानोव्ना 'मार्यिवाना'. म्हणून नाव कानावर विसंबून लिहून घेऊ नका. ते छापील कागदावरून उतरवा, निदान एकदा तरी पडताळा. याउलट बोलताना तुम्हीही थोडं आक्रसून बोललात तरी चालतं. प्रत्येक अक्षर सुटं सुटं उच्चारलं तर कानाला पुस्तकी वाटतं.

आज हे शेपूट प्रत्येकाच्या नावाला आहे. पूर्वी 'विच' हा मान होता. मॉस्कोच्या झारांच्या काळात साध्या माणसाची नोंद 'इवान, पेत्रचा मुलगा' अशी व्हायची आणि 'पेत्रोविच' म्हणवून घेणं उमरावांपुरतं होतं. व्यापारी असूनही स्त्रोगानोव घराण्याला हा मान झारकडून मुद्दाम देण्यात आला. ओत्चेस्त्वोत आजही जो आदर उरला आहे त्याचं मूळ या इतिहासात आहे.

आडनावाचं शेपूट: 'चा', 'कर' आणि 'पैकी'

बाईचं आडनाव 'आ'ने का संपतं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मराठीतून विचार केला तर उत्तर सोपं आहे. 'ओव', 'येव' आणि 'इन' हे प्रत्यय म्हणजे आपला 'चा'. इवानोव म्हणजे इवानचा. मुलगा असेल तर इवानचा, मुलगी असेल तर इवानची, म्हणून इवानोव आणि इवानोवा. पुश्किन आणि पुश्किना, फोमिन आणि फोमिना, सगळं याच हिशोबाने.

रेवदंड्यात ज्याचं स्मारक आहे तो त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन १५व्या शतकात चौलला उतरला, जुन्नरला त्याने पावसाळा काढला आणि पुढे बिदरला गेला. त्याचं निकितिन हे आजच्या अर्थाने आडनाव नव्हे. तो 'निकिताचा मुलगा अफनासी', एवढाच त्याचा अर्थ. इथे वावरताना त्याने खोजा युसूफ खोरासानी असं नाव घेतलं होतं.

'स्की' आणि 'स्कोय' हे बरेचदा आपल्या 'कर'सारखे असतात. व्याज्मा गावावरून व्याजेम्स्की, शूया गावावरून शूयस्की. ही मुळात विशेषणं आहेत, म्हणून बाईसाठी व्याजेम्स्काया होतं. मात्र 'स्की' दिसलं की गाव शोधायलाच हवं असं नाही. त्रोइत्स्की, वोस्क्रेसेन्स्की, प्रेओब्राझेन्स्की ही आडनावं चर्चच्या सणांवरून आणि देवळांवरून पाद्र्यांच्या घराण्यांना मिळाली. धंद्यावरूनही आडनावं भरपूर आहेत: कुज्नेत्सोव म्हणजे लोहार, प्लोत्निकोव म्हणजे सुतार, गोन्चारोव म्हणजे कुंभार. भूदास शेतकऱ्यांना १८६१ साली मुक्ती मिळाली आणि त्यानंतर खेडोपाडी कायमची आडनावं रुजत गेली. तोवर अनेक कुटुंबांचं काम नुसत्या बापाच्या नावावर भागत होतं.

उत्तर रशिया, व्होरोनेझचा पट्टा, उरल आणि सैबेरियात 'इख' अशी शेपटी भेटते: चेर्निख, दोल्गिख, सेदिख. अर्थ 'काळ्यांपैकी', 'लांबांपैकी', 'पांढऱ्या केसांच्यांपैकी'. हे रूप षष्ठीच्या अनेकवचनाचं असल्यामुळे बाई असो वा पुरुष, ते बदलत नाही.

गोव्यातल्या हॉटेलच्या काउंटरवर याचा थेट उपयोग होतो. नवऱ्याच्या पासपोर्टवर पेत्रोव आणि बायकोच्या पासपोर्टवर पेत्रोवा दिसलं तर ती चूक नाही, आणि दोन कुटुंबंही नाहीत. परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा फॉर्म भरताना दोन्ही जसंच्या तसं उतरवा, 'दुरुस्त' करू नका. परदेश प्रवासाच्या रशियन पासपोर्टवर ओत्चेस्त्वो फक्त रशियन लिपीत असतं, रोमन लिपीत नसतं. मधल्या नावाचा रकाना रिकामा राहिला म्हणून अडवून बसू नये. रोमन स्पेलिंगही सरकारी नियमाने ठरतं, त्यामुळे यूलिया हे नाव 'आय यू एल आय आय ए' असं छापलेलं दिसतं आणि 'इउलीआ' वाचलं जातं. 'आय ए' म्हणजे 'या' आणि 'आय यू' म्हणजे 'यू', एवढं लक्षात ठेवलं तर निम्मी नावं सुटतात.

घरगुती नावं

मराठी वाचकाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. आपल्याकडे निकिता मुलीचं नाव, रशियात ते पुरुषाचं आहे: निकिता ख्रुश्चोव. इल्या, कुज्मा, फोमा हेही पुरुष. मीशा, कोल्या, वान्या, पाशा, यूरा ही 'आ'कारान्त नावं मुलांची आहेत, अनुक्रमे मिखाइल, निकोलाय, इवान, पावेल आणि यूरी यांची लाडाची रूपं. साशा अलेक्सांद्रही असतो आणि अलेक्सांद्राही. झेन्या म्हणजे येव्गेनी किंवा येव्गेनिया. वाल्या म्हणजे वालेन्तिन किंवा वालेन्तिना. अशा वेळी लिंग कळायला ओत्चेस्त्वो किंवा आडनाव बघण्यावाचून उपाय नाही.

नताशा, तान्या, सोन्या ही नावं भारतात जन्मदाखल्यावर जातात. रशियात ती नताल्या, तात्याना आणि सोफिया यांची घरातली रूपं आहेत. दाखल्यावर पूर्ण रूप असतं आणि ओत्चेस्त्वो पूर्ण रूपालाच जोडलं जातं. 'नताशा इवानोव्ना' हे 'पिंट्याराव'सारखं विचित्र ऐकू येतं.

कोणतं लहान रूप कोणाचं, हे अंदाजाने ठरवू नका. द्मीत्रीचा दीमा किंवा मीत्या, व्लादिमीरचा वोवा किंवा वोलोद्या, अलेक्सेयचा अल्योशा किंवा ल्योशा, गेओर्गीचा गोशा किंवा झोरा, मारीयाची माशा, येकातेरिनाची कात्या, अनस्तासियाची नास्त्या. अलेक्सेय आणि अलेक्सांद्र ही दोन वेगळी नावं आहेत. स्लावा तर व्याचेस्लाव, यारोस्लाव, स्तानिस्लाव यांपैकी कोणीही असू शकतो.

लहान रूपांतही पायऱ्या आहेत. माशा हे साधं, मित्रमैत्रिणींचं. माशेन्का मायेचं, आई किंवा आजी म्हणेल असं. माश्का मात्र 'पक्या', 'सुऱ्या'च्या जातीचं. वर्षानुवर्षांच्या दोस्तीत ते गोड वाटतं, परक्याच्या तोंडी अपमान ठरतं. नवख्याने 'का'ने संपणारं रूप वापरायचंच नाही. कादंबरीत तेच पात्र एकदा माश्का आणि एकदा माशेन्का होतं तेव्हा बोलणाऱ्याचा राग-लोभ त्या शेपटातूनच कळतो. म्हणून अनुवाद करताना सगळीकडे 'माशा' करून टाकणं म्हणजे मजकुरातला एक थर पुसून टाकणं.

हाक मारताना

रशियनमध्येही तू आणि तुम्ही आहेत: ती आणि वी. नावाची जोडी त्यांच्याशी जुळवायची. 'वी' म्हणायचं तिथे नाव आणि ओत्चेस्त्वो, 'ती' म्हणायचं तिथे लहान रूप. शिक्षक, डॉक्टर, वयाने मोठे शेजारी, कार्यालयातले वरिष्ठ, मित्राचे आईवडील यांच्यासाठी पहिली जोडी.

आपल्या मुलांच्या हातून होणारी चूक ठरलेली असते. ती 'सर', 'मॅडम' म्हणतात किंवा 'प्रोफेसर स्मिर्नोवा' म्हणतात. बाईंना राग येणार नाही, पण परकेपणा राहतो. वर्गात म्हणायचं 'ओल्गा निकोलायेव्ना', बस. पुढे बाई किंवा मॅडम जोडायची गरज नाही, कारण आदर ओत्चेस्त्वोतच आहे. 'मिस्टर व्लादिमीर' तर अजिबात नको.

पहिल्या भेटीत विचारा: 'काक वाशे इम्या-ओचिस्तवा?' म्हणजे आपलं नाव आणि ओत्चेस्त्वो काय. नाव आठवतं पण पुढचं विसरलं, तर 'प्रस्तीते, काक वास पा ओचिस्तवू?' असं विचारणं सभ्य मानलं जातं. चुकीचं ओत्चेस्त्वो ठोकून देण्यापेक्षा विचारलेलं कधीही बरं, कारण चूक थेट समोरच्याच्या वडिलांच्या नावाची होते. समोरचा 'दवायते ना ती' म्हणाला की तू-तुम्हीची भिंत पडली. हा प्रस्ताव मोठ्या माणसाने मांडायचा असतो, धाकट्याने वाट बघावी.

खेड्यात, कारखान्यात म्हाताऱ्या माणसाला नुसतं 'पेत्रोविच' म्हणतात. त्यात आपुलकी असते, पण ती आतल्या माणसांची हाक आहे. तरुण मंडळी, संगणक कंपन्या, वृत्तवाहिन्या इथे आता ओत्चेस्त्वोशिवायच चालतं. तिथे समोरचा स्वतःची ओळख कशी करून देतो ते ऐका आणि तसंच म्हणा. पत्राची सुरुवात मात्र अजूनही 'उवाझायेमाया ओल्गा निकोलायेव्ना!' अशीच, शेवटी उद्गारचिन्ह देऊन. पुरुषासाठी 'उवाझायेमी'. शेवटी 'स उवाझेनियेम', म्हणजे आदरपूर्वक.

सगळेच रशियन 'रशियन' नसतात

मराठीत आपण एकच शब्द वापरतो, रशियन भाषेत दोन आहेत. रूस्की म्हणजे रशियन वंशाचा, रोस्सियानिन म्हणजे रशियाचा नागरिक. कझानचा तातार रोस्सियानिन असतो, रूस्की नसतो. त्याला रूस्की म्हटलेलं त्याला रुचेलच असं नाही.

तातार आणि बश्कीर आडनावांत मुस्लिम नावाला रशियन शेपूट असतं: शारीपोव, गालीयेव, खबिबुल्लिन. नावं ऐरात, इल्दार, रिनात, आल्सू, गुझेल अशी. कागदावर रिनातोविच, रिनातोव्ना चालतं. तातार भाषेत बोलताना मात्र नावापुढे मोठ्या पुरुषाला 'अबी' आणि बाईला 'अपा' लावतात. रुस्तम अबी, गुझेल अपा. आपल्या रमेशदादा, सुनीताताईसारखंच. उझबेकमध्ये हेच 'अका' आणि 'ओपा' होतं, किर्गीझमध्ये 'बैके' आणि 'एजे'. बिश्केकला शिकणाऱ्याने घरमालकिणीला गुलनारा एजे म्हटलं तर तिला घरच्यासारखं वाटतं. कझाक लोक आदराने नावाचा पुढचा तुकडा घेऊन 'एके' जोडतात, नुरलानचा नुरेके होतो. कझाकस्तानात आणि अझरबैजानात रशियन 'ओविच'ऐवजी 'उली-किझी' आणि 'ओग्लू-किझी' (मुलगा-मुलगी) ही तिथली जुनी रूपं पुन्हा प्रचारात आली आहेत.

युक्रेनी नावं रशियन करू नका. रशियन व्लादिमीर तो युक्रेनी वोलोदिमिर, निकोलाय तो मिकोला, येलेना ती ओलेना. हा केवळ उच्चाराचा प्रश्न नाही, तो ओळखीचा आहे. इवानची मुलगी तिथे इवानिव्ना होते. आडनावं 'एन्को', 'उक', 'चुक'ने संपतात आणि बाईसाठी बदलत नाहीत. शिवाय युक्रेनीत संबोधनाची विभक्ती जिवंत आहे: 'इवाने पेत्रोविचू!', 'ओलेनो इवानिव्नो!' आपण 'मुला', 'देवा' म्हणतो तसं.

बेलारूसमध्ये 'ओविच' हे आडनावही असतं, तिथे गोंधळ होतो. बाई असेल तर लगेच सुटतो, कारण आडनाव तसंच राहतं आणि ओत्चेस्त्वो 'ना'ने संपतं. पुरुष असेल तर आघात ऐका: ओत्चेस्त्वोत अब्रामोविचमधल्या 'रा'वर जोर, आडनावात 'मो'वर.

जॉर्जियात 'द्झे' म्हणजे मुलगा आणि 'श्विली' म्हणजे मूल. पहिलं पश्चिमेकडे जास्त, दुसरं पूर्वेकडे. तिथे आदरासाठी ओत्चेस्त्वो वापरत नाहीत, 'बातोनो गिओर्गी', 'कल्बातोनो नीनो' असं नावाआधी लावतात. आर्मेनियन आडनाव 'यान'वरून ओळखा. लाटव्हियात रशियन इवानोवच्याही पुढे 'स' लागून इवानोव्स होतं.

बैकाल सरोवराच्या पूर्वेला बुर्यात लोकांच्या नावांत आपल्या ओळखीचे शब्द निघतात. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत आणि तिबेटी नावं तिकडे पोहोचली. बाद्मा म्हणजे पद्म, एर्देनी म्हणजे रत्न, ओचिर आणि बाजार ही दोन्ही वज्राची रूपं, आणि दोर्झी हे त्याच वज्राचं तिबेटी भाषांतर. म्हणून बुर्यात घरातला बाजारोव हा बाजारातला नव्हे, वज्राचा. वारांवरूनही नावं ठेवतात: नीमा म्हणजे रवि, दाबा म्हणजे सोम, बीम्बा म्हणजे शनि.

एक इशारा मात्र द्यायला हवा. आडनावावरून वंश ठामपणे सांगू नका. बाप्तिस्म्याबरोबर चुवाश आणि याकूत लोकांत इवानोव, पेत्रोव, निकोलायेव भरभरून आले. शेपूट फक्त अंदाज देतं.

आपलं नाव त्यांच्या कागदावर

भारतीय पासपोर्टवर नावाच्या रकान्यात 'विजय माधव' आणि आडनावात 'पाटील' असेल, तर रशियात एक कार्यालय माधवला नावाचा भाग धरतं, दुसरं ओत्चेस्त्वोच्या रकान्यात टाकतं. दोन कागद जुळले नाहीत की बँक आणि वसतिगृह दोन्हीकडे खेटे सुरू होतात. व्हिसावर रशियन लिपीत नाव कसं छापलं आहे ते आधी बघा. पासपोर्टचं नोटरीकडचं भाषांतर करताना तेच अक्षरशः द्यायला सांगा आणि पुढे सगळीकडे तीच प्रत दाखवा. देशमुखमधला 'ख' कधी एका अक्षराने तर कधी दोन अक्षरांनी लिहिला जातो, जोशीतला 'ज' दोन अक्षरांनी. असं आडनाव असेल तर पहिल्याच दिवशी तपासा. ओत्चेस्त्वो नसलेल्या परदेशी माणसाचा रकाना रिकामा ठेवता येतो, तो भरण्यासाठी 'माधवोविच' तयार करू नका.

मग एक दिवस दाखला हातात येतो आणि त्यावर पाटीलच्या जागी 'पातिलू', विजयच्या जागी 'विजायू' दिसतं. घाबरू नका, दाखला 'पाटलाला' दिला आहे असं ते वाक्य आहे. आपण 'पाटील'चं 'पाटलाला' करतो, तसंच रशियनमध्ये नावाला विभक्ती लागते. मुलीच्या दाखल्यावर आडनाव 'पातिल' असंच राहील आणि स्नेहाचं तेवढं 'स्नेखे' होईल, कारण बाईच्या व्यंजनान्त आडनावाला विभक्ती लागत नाही. मुलीच्या दाखल्यावर 'पातिलू' दिसलं तर मात्र ती खरी चूक आहे. खिडकीवरून हलायच्या आधी ती दुरुस्त करून घ्या.